पालथे हात

"ए, ओंजळ धर."

मुकादम चरवी घेऊन उभा होता. मी हळदीच्या काहिलीपाशी वाकलेली. वाफेनं डोळे उघडत नव्हते. कडेवर पोरगी. मी ओंजळ धरली. त्यानं हातभर वरून मोहाची दारू ओतली. निम्मी तोंडात गेली, निम्मी लुगड्यावर. पाटील बाजेवर बसले होते. म्हणाले, "अजून पाज. प्याली म्हंजी दोघींचं काम करती ही."

सगळे हसले. मीपण हसले. त्याची लाज आजही जात नाही.

हळद शिजायला लागली की आमच्या महारवाड्यातल्या बाया-माणसांना दिवसातून तीनदा दारू मिळायची. धग सोसते म्हणून. तीच आमची भाकरीआधीची न्याहारी. माझा नवरा पटकीत गेला होता. आधी मी धग सोसायला पीत होते. मग हळद सरली तरी पीत राहिले. सकाळी हात कापायचे, प्याल्यावर थांबायचे.

आम्ही बाया काम करताना दारूत बुडवलेलं बोट लेकरांच्या तोंडात द्यायचो. लेकरू निजायचं, हात मोकळे व्हायचे. सगळ्याच द्यायच्या. मीपण दिलं. एक दिवस माझी पोरगी सकाळी निजली ती दिवस कलला तरी उठली नाही. हलवली. गाल चापटले. तोंडावर पाणी मारलं. मान लुळी. तिला छातीशी धरून बसले. दिवेलागणीला तिनं डोळे उघडले आणि ओकली.

तेव्हापासून मला माझ्याच बोटाचं भेव वाटायला लागलं.

शेजारच्या सखुआत्याचा लेक दारूतून सुटला होता. तिला विचारलं. ती म्हणाली, "बसमतला बाजाराच्या दिवशी एका शिंपीमास्तरच्या छपरात बसतात. सुटलेले अन् सुटू बघणारे. पर समदे गडीच हायेत, बाई."

पहिल्या बाजाराला मी छपरासमोरून तीनदा गेले आणि घरी आले. दुसऱ्या बाजाराला दारापर्यंत पोचले. आतून कोणी खोकलं, मी पळाले. वाटत होतं, मुकादमाला कळेल. गावात बोंब होईल, रांडमुंड बाई पिते. काम जाईल. पोरीला काय घालू? तिसऱ्या बाजाराला पोरगीच दारात बसली आणि रडायला लागली. तिला उचलायला वाकले तर मास्तर समोर.

"कुणाकडं आलात, बाई?"

मी पोरगी कडेवर घेतली. आतला एक कुणबी म्हणाला, "नवऱ्याला धाड. बाईचं काय काम हितं?"

मी म्हणाले, "नवरा न्हाई. मीच पिते."

कोणी हसलं नाही. ते मला हसण्यापेक्षा जड गेलं. मास्तर म्हणाले, "आत या." मी उंबऱ्याला लागून बसले. त्या कुणब्यानं आपलं पटकूर जवळ ओढून घेतलं. माझा पदर लागू नये म्हणून.

तिथली रीत अशी होती. ज्या भांड्यानं प्यायचे ते घेऊन यायचं आणि सगळ्यांपुढं पालथं घालायचं. मग आठवड्याचं खरं सांगायचं. पुढं पितळी पेला होता, बोळकी होती, एक करवंटी होती.

कुणब्यानं विचारलं, "हिचं भांडं कुठाय?"

"मला भांडं न्हाई," मी म्हणाले. "आमाला वरून ओततात."

तो खाली बघायला लागला. त्याच्याही शेतात असंच ओतत असतील. मी दोन्ही हात पुढं केले आणि त्या भांड्यांच्या ओळीत पालथे ठेवले. ते इतके कापत होते की शेजारची करवंटी वाजायला लागली.

दारू लगेच सुटली नाही. पुढचे चार बाजार मी त्या छपरात बसून सांगितलं, "पिले." पाचव्याला सांगितलं, "न्हाई पिले." मास्तर फक्त म्हणाले, "बरं. फुडल्या बाजाराला या." कुणब्याचं पटकूर त्या दिवशी जागेवरच राहिलं. मी त्यावर बसले नाही.

माघात पुन्हा काहिली चढल्या. मुकादम आला.

"ओंजळ धर."

मी हात पालथे धरले. त्याला वाटलं थट्टा. त्यानं ओतली. हातांच्या पाठीवरून दारू खाली मातीत गेली.

"माजली का गं?" पाटील बाजेवरून म्हणाले.

थोड्या वेळानं पाण्याची चरवी आली. पाणीही आम्हाला वरूनच. घसा जळत होता. त्या क्षणी कळलं, दारू आणि पाणी, दोन्ही एकाच उंचीवरून पडतात. मी हात पालथेच ठेवले.

मुकादम म्हणाला, "उद्या यायचं तर ओंजळ घिऊन ये."

मी म्हणाले, "उद्या माझा तांब्या घिऊन येईन. भरलेला."

वाशीम इंग्रजांच्या मुलखात, तिथं शाळा होती; आमचं गाव निजामाच्या मोगलाईत. लहानपणी वाशीमला मामाकडं राहून मी चौथी शिकले, सगळ्यांपासून लांब, भिंतीला लागून बसून. म्हणून हे लिहिता येतं. कोणाला दाखवणार नाही. भेव अजून आहे. लिहितानाही हात कापतो आहे. कापू दे. कापला तरी तो हात मी आता कोणापुढं उताणा करणार नाही. माझ्या पोरीलाही करू देणार नाही.