बारीक कळ

मला इंग्रजीतलं एकच विशेषण धड येतं, आणि तेच मेलं माझ्या मानगुटीवर बसलंय. सिव्हिअर.

मी लग्न होऊन निघोज्यात आले, तेव्हा आमचे मालक पिंपरीच्या नव्या कारखान्यात नुकतेच लागले होते. स्वातंत्र्याला अजून दहा वर्षंही झाली नव्हती. तिथल्या साहेबाच्या तोंडी हा शब्द सारखा असायचा. मी सातवी झालेली, म्हणून चुलीपुढं बसून ते मला शिकवायचे. थंडी कडाक्याची असली की सिव्हिअर, शिक्षा जबर असली की सिव्हिअर, कधी हसत नाही तो साहेबही सिव्हिअर, आणि काठ ना बुट्टा असलं लुगडंसुद्धा सिव्हिअरच. मी म्हणायची, "अगं बाई! इंग्रजांच्या घरात डबा एकच दिसतोय, त्यातच मीठ नि त्यातच साखर." ते हसून हसून ठसकायचे.

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सगळं उलटं. विंचू चावला तरी "बारीक चावला." अंगातून वाफा निघाल्या तरी "बारीक कसर हाय." त्यांचंच कशाला, साऱ्या गावाची ती रीत. दुखण्याचं नाव मोठ्यानं घेतलं की ते पाट मागून बसतं, असं त्या म्हणायच्या.

त्या साली ज्वारीच्या काढणीत त्यांचं पोट दुखायला लागलं. जात्यावर बसल्या की पदराचा बोळा दातांत धरायच्या. विचारलं की, "काय न्हाई गं, बारीक कळ हाय." शेवटी मालकांनी हट्टानं गाडी जुंपली आणि आम्हाला पिंपरीला, फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी डॉक्टरकडं नेलं. त्याला मराठी येत नव्हतं. "हमारी घरवाली को अंग्रेजी आती है," असं त्याला ऐटीत सांगून मालक कामावर गेले. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरनं मलाच विचारलं, "दर्द माइल्ड है या सिव्हिअर?"

एवढा ओळखीचा शब्द, अगदी माहेरचं माणूस भेटावं तसा समोर आला. मी आत्याबाईंकडं पाहिलं. कपाळावर घाम, ओठ पांढरेफटक. त्या म्हणाल्या, "त्यांला सांग, बारीक कळ हाय."

चारचौघांत सुनेनं सासूचा शब्द खोडायचा नसतो. त्यात आमच्याच गावच्या दोघी बाकावर कान टवकारून बसलेल्या. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "थोडा दुखता है." त्यानं पोट दाबून पाहिलं. आत्याबाईंनी हूं की चूं केलं नाही. मग त्यानं पुड्या बांधून दिल्या.

पुड्या संपायच्या आतच पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर म्हणाले आतडं फुटलंय, आधी का नाही दाखवलंत? "दाखवलं होतं हो," मालक रडकुंडीला येऊन सांगत होते, "दाखवलं होतं!" मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

खाटेवर आत्याबाईंना बोलायचं बळ नव्हतं, तरी भेटायला येईल तिला सांगायच्या, "सून लई गुणाची हाय माजी. शिकल्याली हाय, पर माजा शबूद खाली पडू दिला न्हाई. मी बारीक म्हनलं, तिनं बारीकच सांगितलं." अहो, शिव्या घाला मला, झिंज्या धरा, असं ओरडावंसं वाटायचं. मी नुसती त्यांचे पाय चेपत बसायची. त्यातच त्या गेल्या.

दहाव्याला बाकावरच्या त्या दोघींनी ही गोष्ट सगळ्यांना ऐकवली. तेव्हापासून गावात नवी सून आली की सासवा माझंच नाव घेतात. परवाही एकीनं आपली सून आणली आणि म्हणाली, "यांच्या पाया पड, यांच्यासारखी हो." पोर वाकली तशी मी पाय मागं ओढून घेतले.