कुडावरची रेघ

लहानीला विचारा, नवऱ्याचा हात कुणी मोडला, तर ती भगीरथाचं नाव घेत नाही. ऐनाच्या झाडाचं घेते. त्या एका झाडापायी झालं म्हणते. आता झाड काय कुणाचा हात मोडतंय? पण भगीरथ तिचा चुलतदीर, त्याचं नाव घेतलं की नवऱ्याचे डोळे कसे व्हायचे ते तिनं वर्षभर बघितलंय, म्हणून झाडावर ढकलते.

खर्डी स्टेशनातून तानसाच्या जंगलाकडं दीड तास चाललं की त्यांची वाडी. तिथं भाताचं बी टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. झाडावर चढून फांद्या तोडायच्या, शेतात पसरायच्या, वाळल्या की पेटवायच्या. कुठल्या घरानं कुठलं झाड तोडायचं हे आज्या-पणज्यानं ठरवून दिलेलं. पण बांधावरचा एक ऐन लहानीच्या नवऱ्याच्या, बुधूच्याही आज्याचा आणि भगीरथाच्याही आज्याचा, कारण दोघांचा आजा एकच.

गेल्या साली शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी बुधू त्या ऐनावर चढला. लहानी खाली फांद्या ओढत होती. भगीरथ आला, म्हणाला, "उतर." बुधू वरून हसला आणि एक फांदी मुद्दाम त्याच्या अंगावर सोडली. काय नडलं होतं त्याला, देव जाणे. भगीरथानं चढून त्याचा पाय धरला नि खाली खेचला. बुधू उजव्या खांद्यावर आपटला. तिथंच थांबला असता तर चार शिव्यांत मिटलं असतं. पण भगीरथानं कुऱ्हाड उलटी धरली आणि तिच्या दांड्यानं त्याच खांद्यावर तीनदा घातलं. पहिल्या दोन घावांना बुधू गुरासारखा ओरडला. तिसऱ्याला आवाजच आला नाही.

मालूबाबा हाड बसवणारा, सणापुरता वीटभट्टीवरून घरी आलेला. त्यानं बुधूच्या काखेत टाच रोवून हात ओढला, खांदा जागेवर बसवला, पाल्याचा लेप थापला, वर बांबूच्या कांब्या लावल्या आणि हात छातीशी आवळून बांधला. "पंधरा दिसांनी सोडतो," म्हणाला. तिसऱ्या दिवशी मुकादमाचा टेम्पो आला आणि मालूबाबा भट्टीवर गेला. वाडीची रीत अशी की ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, दुसऱ्याचा हात लागला तर हाड पुन्हा निसटतं. लहानीनं फोन केला तर तो म्हणे, आलोच, कुणाला हात लावू देऊ नको. तो आला जेठात. तीन महिने बुधूचा हात छातीला बांधलेला. सोडला तेव्हा तो तसाच चिकटून राहिला. भाकरीचा तुकडा तोंडाशी जाईना. लहानीला अजून स्वतःचा राग येतो. घरात विळा होता, एक दोरी कापायची होती, आणि तेवढं धाडस तिला झालं नाही.

पोलिसात बुधू गेला नाही. "घरातलं आमी घरात बघू." पंच बसले, भगीरथानं पाय धरले, दोघं एका पेल्यातून दारू प्याले. एका पेल्यात प्याल्यावर हात उगारायचा नाही, हे वाडीतलं लेकरूही सांगेल. सगळे निवांत झाले.

त्या पावसात लहानीनं एकटीनं आवणी केली, भाताची रोपं उपटून चिखलात लावली. अर्धं शेत पडीक राहिलं. कुणीतरी सांगितलं, खर्डीला दर गुरुवारी कल्याणवरून एक बाई येते, औषध देत नाही, नुसता हात हलवून बरा करते. कुणाली मॅडम तिचं नाव, वय असेल सव्वीस. तिनं बुधूचा हात जरा उचलला तर बुधूनं तिला आईवरून शिवी दिली. ती डगमगली नाही. "खांद्याच्या आतलं आवरण आखडलंय. रोज थोडं थोडं सोडवायचं. दुखेल, पण सोसवेल तेवढंच दाबायचं," ती म्हणाली आणि दाबायचं कसं ते लहानीला शिकवलं, कारण घरी दाबणार कोण?

मग रोज सकाळी तेच. आधी गरम पाण्याच्या फडक्याचा शेक. मग कमरेत वाकून पाण्याचा तांब्या हातात धरून झुलवायचा. मग बुधू घोंगडीवर उताणा, आणि लहानी दोन्ही हातांनी त्याचा हात डोक्याकडं नेणार. तो तिचा बाप काढायचा, आई काढायची, दातात फडकं धरून ओरडायचा. सोसवेल तेवढंच, असं लहानी म्हणाली की डाव्या हातानं तिच्या तोंडात हाणायचा. "दाब गो. मरत नाय मी." शेवटी घराच्या मातीनं लिंपलेल्या कुडासमोर उभं राहून बोटांनी कूड चढायचा, जिथं बोटं अडतील तिथं कोळशानं खूण. मातीत बोटं रुतून पोपडे पडायचे, लहानी आठ दिवसांनी सारवायची आणि खुणा परत काढायची.

पहिल्याच दिवशी बुधूनं डाव्या हातात कोयता घेऊन कुडावर खूप वर एक आडवी रेघ ओढली. लहानी म्हणाली, "एवढ्या वर कशाला?"

"तिथवर गेला पायजे."

तिला बरं वाटलं. माणूस जिद्दीला पेटला म्हणजे शेत वाचलं. गुरुवारी तिनं मॅडमला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

दिवाळीत बोटं खांद्याएवढी गेली, पौषात कानाएवढी. माघात एका सकाळी भगीरथ दारात आला. वाडीतला सगळ्यात उंच माणूस, वाकून आत शिरला आणि कुडाला पाठ लावून उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "बुधू, औंदा तू झाडावर चढू नको. तुझा राब मी तोडतो. बांधावरचा ऐन पण तुझाच." चांगलं बोलला बिचारा. लहानीनं पाणी द्यायला मान वर केली आणि तिला दिसलं, कोयत्यानं ओढलेली रेघ बरोब्बर भगीरथाच्या टाळूला टेकली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. बुधू भगीरथाच्या तोंडाकडं बघत नव्हता, रेघेकडं बघत होता. पाण्याचा तांब्या तिच्या हातून सुटला.

भगीरथ गेल्यावर ती म्हणाली, "मला समजली ती रेघ."

"समजली ना? मग दाब."

आता करायचं काय बाईनं? हात गेला तर घर उपाशी, अर्धं शेत पडीकच. हात आला तर भगीरथ मेला, बुधू जेलात, आणि तरी शेत पडीकच. आणि हात आणणारी कोण, तर तीच. तिनं हलकं दाबायला सुरुवात केली. गुरुवारी खोटं बोलली की मॅडम येणार नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात बुधूनं ओळखलं. केसांना धरून तिचं डोकं कुडावर आपटलं, त्या रेघेच्या खालीच, आणि पोपड्यांबरोबर तिचं रक्त पण मातीवर लागलं. उजवा हात बंद असताना डाव्यानं मारायला तो चांगलंच शिकला होता.

पुढच्या गुरुवारी मॅडमनं कपाळाची खोक बघितली. "लहानीताई, कुणी मारलं?"

"पडले. मॅडम, हे दाबणं थांबवलं तर काय होईल?"

"परत आखडेल. आणि मग सुटायला या वेळेपेक्षा फार जड जाईल. आता कुठं हात येतोय, आणि तुम्ही थांबायचं म्हणता?"

परत जाताना ती वाट सोडून भगीरथाकडं गेली आणि सरळ म्हणाली, "ऐनाकडं जाऊ नको. तो तुला मारील." भगीरथ हसला. "एका पेल्यात प्यालोय वहिनी. पंचांसमोर. तो हात उगारायचा नाय." केवढा विश्वास माणसाचा, एका दारूच्या पेल्यावर. लहानीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तिनं दाबणं चालू ठेवलं. शिमगा चार दिवसांवर आला. त्या सकाळी ती पाणी घेऊन आली तर घर रिकामं. रेघेवर ताज्या नखांच्या चार खुणा होत्या, आणि आकड्याला कोयता नव्हता. तिनं डोक्यावरचा हंडा तिथंच टाकला आणि पळत सुटली. काट्यांनी लुगडं फाटलं, पायात खडे घुसले, ती पळतच राहिली.

भगीरथ ऐनाखाली बसून फांद्यांचा भारा बांधत होता. बुधूचाच भारा. पाठ इकडं. बुधू त्याच्या मागं दोन पावलांवर, आणि त्याचा उजवा हात वर जात होता. खांद्याच्या वर, कानाच्या वर, डोक्याच्या वर, जराही न अडखळता. आठ महिने दाबलेला हात असा सरळ वर गेलेला तिनं पहिल्यांदाच बघितला, आणि त्या क्षणी तिला अभिमान वाटला. याची तिला पुढं फार लाज वाटायची. मग ती दोघांच्या मधे घुसली आणि आपला उजवा हात वर केला.

बुधूनं तिला बघितलं, पण हात निघाला होता. मनगट तेवढं वळलं. कोयत्याची धार चुकली, पाठ बसली. लहानीच्या खांद्याचं हाड काडीसारखं मोडलं आणि ती भाऱ्यावर पडली. भगीरथ वळला. बुधूनं कोयता टाकला. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले, तेव्हा लहानीच ओरडली, "उचला मला, मुडद्यांनो."

बांबूला घोंगडी बांधून त्यांनी तिला खर्डीच्या रस्त्यापर्यंत आणलं. पुढं भगीरथ, मागं बुधू, बांबू त्याच उजव्या खांद्यावर. मालूबाबा सणाला आलेला होता, कांब्या घेऊन वाटेत उभा. "त्याला हात लावू दिलात तर दोघांचा जीव घेईन," लहानी झोळीतून म्हणाली. शहापूरला डॉक्टरनं हात गळ्यात अडकवून दिला आणि सांगितलं, सहा आठवड्यांनी हलवायला लागा.

सहा आठवड्यांनी गुरुवारी बुधू तिला घेऊन खर्डीला गेला. मॅडमनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "कशानं मोडलं?"

"झाडावरून पडले," लहानी म्हणाली.

मॅडमनं बुधूला समोर बसवलं. "दाबायचं कसं ते तुम्हाला माहीतच आहे. रोज तुम्ही दाबून द्यायचं." बुधूनं मान हलवली. त्याची मान खालीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाणी तापवलं, शेक दिला, घोंगडी अंथरली. जुनी रेघ लहानीनं डाव्या हातानं शेणानं सारवून कधीच बुजवली होती. ती उठली आणि चुलीजवळचा विळा घेतला.

"कुडाला उभा ऱ्हा."

"कशाला?"

"उभा ऱ्हा."

तो पाठ लावून उभा राहिला. लहानी चवड्यांवर उभी राहिली, विळ्याचं टोक त्याच्या टाळूला टेकवलं आणि सावकाश आडवी रेघ ओढली. माती त्याच्या केसांत पडली. त्यानं ती झटकली नाही.

"तिथवर गेला पायजे," ती म्हणाली. मग विळा उशाशी ठेवून घोंगडीवर उताणी झाली, दातात फडकं धरलं आणि त्याला खुणेनं सांगितलं, दाब.