डावी पाकळी

त्या वैशाखात माझी देवावरची श्रद्धा पार आटली होती, आणि घरच्यांना वाटत होतं की माझं दूधही आटलंय. बाबूला नुकताच दुसरा महिना लागला होता. मुळगावातलं आमचं घर रस्त्याला लागूनच. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ कपड्यांवर, भांड्यांवर, पाळण्याच्या दोरीवरसुद्धा बसायची. दारं लावून घेतली की आत नुसती भट्टी. बाबू ओठ चाटायचा आणि माझी सासू, जिला आम्ही सगळे मांय म्हणतो, वाटी-चमचा घेऊन पुढे यायची. "त्याका तान लागली गो. एक चमचो उदक दी."

साखळीच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सने मला बजावलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी थेंबभरही नको. मांयच्या गळी ते उतरेना. एकदा मी आंघोळीला गेले असताना तिने त्याला पाणी पाजलंच. पुढे त्याला जुलाब लागले, डोळे खोल गेले, टाळू बसली. इस्पितळात त्याच्या एवढ्याशा हाताला सलाईनची सुई लावलेली मी पाहिली आणि त्या दिवशी देवाचं नावही माझ्या तोंडी आलं नाही. डॉक्टर म्हणाले, वरच्या पाण्याने झालं. मांय म्हणाली, उन्हाने झालं, पाणी कमी पडलं. घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी वाटी पुन्हा बाहेर निघाली. मी तिला नाही नाही ते बोलले. तिचा पहिला मुलगा असाच तान्हा असताना, असल्याच उन्हाळ्यात, तापाने गेला होता. ते ठाऊक असूनही बोलले. नवऱ्याची गत तर आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना अशी झाली होती. तो बिचारा जेवून मुकाट कामावर जायचा.

शेवटी तोड मांयनेच काढली. पेडण्याकडच्या तिच्या माहेरच्या देवीला कौल लावायचा आणि देवी सांगेल ते दोघींनी ऐकायचं. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, त्यातली कोणती आधी गळते त्यावर मुलाचं खाणंपिणं ठरवायचं, हे ऐकून मला संताप आला. पण रोजच्या भांडणाने मी थकले होते. मी हो म्हटलं. श्रद्धा आटली असली तरी देवीपुढे दिलेला शब्द मोडायची माझी छाती नव्हती. आणि कौल पाण्याच्या बाजूने लागला, तो पाळायचा तर बाबू पुन्हा इस्पितळात जाणार, कदाचित परत येणारही नाही.

नवऱ्याने मित्राची गाडी आणली. मांयने उकळून गार केलेलं पाणी एका बाटलीत घेतलं होतं, ती बाटली ती पदराखाली धरून बसली होती. देवळात गुरवाने मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "देवी माये, पोर तुजा. वरचा उदक दिवचा आसात तर उजवी दी, नाय तर डावी."

पाकळ्या हलेनात. गुरवाने पुन्हा विनवलं. बाबू जागा झाला, रडू लागला. मांयचा हात बाटलीकडे गेला आणि मागे आला. कौल लागलेला असताना मधेच काही करायचं नाही, हे तीच मला सांगत आली होती. मी खांबाआड बसून त्याला पाजायला घेतलं. घरी मी कधी अशी निवांत बसलेच नव्हते. कोणी वाटी घेऊन डोक्याशी उभं असलं की माझे खांदे आखडायचे, तोही दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा. इथे तो पीतच राहिला. त्याच्या घशाचा आवाज ऐकताना मला रडू फुटलं. मी मनात देवीला म्हटलं, आई, मला आता काही कळत नाही. तुझं तूच बघ.

त्याचं पोट भरल्यावर मांयने त्याला ढेकर काढायला घेतलं आणि त्याने शू करून तिचं सगळं लुगडं भिजवलं. ती त्या ओलीकडे बघत राहिली.

"सकाळपासून उदकाचो थेंब नाय घेतल्यान. मगे ह्या खयसून इला?"

"दुधातलाच, मांय. दुधात उदक आसताच."

थोड्या वेळाने गुरवाने हाक मारली. डावी पाकळी गळून देवीच्या पायाशी पडली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसता थकवा आला.

परतताना गाडीत माझ्याकडे न बघता मांयने विचारलं, "मगे माझो पयलो तानेन नाय गेलो गो?"

मला काही कळेना. तेव्हा ती तुटक तुटक बोलू लागली. ते पोर तापात ओठ चाटत होतं. ती त्याला फक्त अंगावर पाजत होती. ते गेलं तेव्हा वाडीतल्या बायका तिला म्हणाल्या, पोर तहानेने तडफडलं आणि आईला कळलं नाही. एवढी वर्षं ती हे कोणाशी बोलली नव्हती, नवऱ्याशी नाही की मुलाशी नाही.

"नाय, मांय," मी म्हटलं. "तुजा दूध होता त्याका. तो तापान गेलो."

पुढे बसलेल्या तिच्या मुलाने गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला एक पिंपळ होता. मांय उतरली, पदराखालची बाटली काढली आणि सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. मग तिथेच बसून ती ओरडून रडली. काल ज्याचं मूल गेलं त्यानेच रडावं, तसं ते रडणं होतं. मी बाबूला घेऊन तिच्या शेजारी धुळीत बसले.

बाबू वाचला, धडधाकट आहे. पाकळी ओल सुकल्याने गळली की देवीने गाळली, या वादात मी पडत नाही. मी माझ्या मुलासाठी भांडत तिच्या दारात गेले होते, आणि तिथे माझ्याआधी एक आई ताटकळत उभी होती, हे मला दिसलंही नव्हतं. देवीला दिसलं. तिचे उपकार मी कशाने फेडू? आता माझं काही अडलं तर मी गाऱ्हाणं घालते आणि गप्प बसते. दर वैशाखात मांय त्या पिंपळाला पाणी घालायला जाते. बाटली मी भरून देते.