खाचेचा कोपरा

आमच्या कारखान्यात लोखंडाचा चुरा आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. चुरा निदान भंगारवाला तरी नेतो!

रत्नागिरीच्या एमआयडीसीत आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर बनवतो, मच्छीमार बोटी किनाऱ्यावर ओढून घ्यायचे. जाड पोलादी नळकांडं आणि आत रिंग बसवायला एक खाच. फुटलं तर तिथेच फुटणार, कारण खाचेच्या कोपऱ्यात ताण कित्येक पट वाढतो. किती पट, याचा अंदाज काढणं हे माझं काम.

नवीन होतो तेव्हा गुरवकाकांना, म्हणजे लेथवर खाच कापणाऱ्या आमच्या सगळ्यात जुन्या टर्नरना, हे मी अर्धा तास फळ्यावर समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं. खिशातून फरसाणचं पाकीट काढलं आणि कडेच्या बारीक कापापाशी टर्रकन फाडलं.

"असंच ना?"

"हो."

"मग मेल्या, अर्धा तास काय सांगत होतास?"

ताण किती पट धरायचा, यासाठी आमच्या पाध्येसाहेबांचा भरवसा एका छापील आलेखावर. त्यांच्याकडे त्याची एक जुनी झेरॉक्स आहे, तिच्यावर नेमक्या कामाच्या जागी चहाचा डाग. डागाखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. साहेब म्हणतात, "तीन धर." वर्षानुवर्षं सगळे तीन धरतात!

मी कॉम्प्युटर आणला. तो चित्रातल्या नळकांड्यावर चौकोनांची जाळी टाकतो आणि एकेका चौकोनातला ताण मोजतो. कोपरा जरा गोल असला की ताण पसरतो, पण साहेबांनी खाचेचा कोपरा अगदी काटकोनी ठेवायला लावला होता, "रिंग घट्ट बसली पाहिजे!" म्हणून. आता अशा कोपऱ्यात जाळी जितकी बारीक करावी, तितका ताण वाढतच जातो. तीन पट, पाच पट, आठ पट. घाबरून साहेबांना दाखवलं.

"मग जाळी जाड कर की!"

केली. ताण मुकाट्याने मर्यादेत आला आणि ड्रॉइंगवर माझी सही झाली.

आमच्याकडे रीत अशी, की सही ज्याची, त्यानेच टेस्टच्या दिवशी पंप मारायचा. बाकीचे जांभ्याच्या भिंतीमागे. नारळ फुटला, साहेब सगळ्यांत आधी भिंतीआड गेले. मी पंपाचा दांडा धरला. खरं सांगतो, आई आठवली.

बघतो तर गुरवकाका शेजारी उभे.

"काका, भिंतीमागे जा ना!"

"तू एकटा उभा राहणार काय? मार पंप."

दाबाचा काटा चढत गेला, ठरलेल्या आकड्यावर थांबला. आता दहा मिनिटं तिथेच टिकायला हवा होता. दोन मिनिटं झाल्यावर काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, कोपरा मी जरा गोल केलाय हां. टूलचं टोक आधीच घासून घेतलं होतं."

भिंतीमागून आवाज आला, "ड्रॉइंगमध्ये नसताना? कुणाला विचारून? आत्ताच्या आत्ता लेखी द्या मला!"

काकांनी काट्यावरची नजर हलवली नाही.

"देतो की, साहेब. कागद घेऊन या इकडे."