डोळ्याखालचा भोवरा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या एका दैनिकाचा धुळ्यातला वार्ताहर होतो. कार्यालय म्हणजे बस स्थानकामागची एक खोली आणि एक फोन. रविवारी तो क्वचितच वाजे. त्यामुळे रविवारी पहाटे मी सायकल काढून पांझरा नदीच्या काठाने सात किलोमीटर वर जात असे. तिथे एका मळ्यात अडीच वर्षांची एक घोडी होती. तरुण घोडीला आमच्याकडे शिंगी म्हणतात. तिचं वेगळं नाव कोणी ठेवलं नव्हतं.

मळा ज्यांचा होता त्यांना सगळा गाव आबा म्हणे, मीही म्हणू लागलो. साठीचा माणूस, कपाशी आणि बाजरी करणारा. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख घोडी शिकवणारा अशी होती. लोक आपली शिंगरं त्यांच्याकडे आणून सोडत आणि वर्षा-दीड वर्षाने शहाणी करून नेत. मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर मजकूर लिहिण्यासाठी. कॉलेजात एन.सी.सी.च्या घोडदळ तुकडीत मी दोन वर्षं काढली होती, हे बोलण्यात आलं. आबांनी मला शिंगीपुढे उभं केलं आणि दावं हातात दिलं. अर्ध्या तासाने म्हणाले, "हात बरा शे तुन्हा. येत जाय."

ही शिंगी त्यांची स्वतःची होती. बाजारात ती त्यांना सहज मिळाली होती, कारण तिच्या डाव्या डोळ्याच्या खाली, जिथून अश्रू ओघळतो त्या रेषेवर, केसांचा एक भोवरा होता. घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून त्याचं शुभाशुभ ठरवणारे लोक याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी धन्याला रडवते, अशी समजूत. पाय, छाती, दात सगळं पसंत पडल्यावरही गिऱ्हाईक गालाशी वाकतं, भोवरा पाहतं आणि पुढच्या खुंट्याकडे जातं.

"हाई शिंगी कोन्हीबी लेवाव नही," आबा म्हणाले. कोणीही घेणार नाही.

"तुम्ही मानता का हे, आबा?"

"मी मानू नही तर काय? लेनारा मानस ना." घेणारा मानतो.

माझा भोवऱ्यावर विश्वास नव्हता. पण इतरांचा आहे, यावर मी पुढचं सगळं उभं केलं. जी विकली जाणार नाही ती इथेच राहणार, असा माझा हिशेब. त्यातून एक बेत ठरला. शिंगी पाच वर्षांची झाली की हिवाळ्यातल्या एका दिवशी मी तिच्यावर बसून धुळ्याहून जळगावला जायचं. हमरस्ता टाळून, शेतवाटांनी, पारोळा आणि एरंडोलच्या अंगाने. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, सूर्योदय ते सूर्यास्त, आणि पोचल्यावर घोडी लंगडता कामा नये. आबांना बेत सांगितला तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "व्हई. पन घाई करशी तर नही."

पहिलं वर्ष ते मला तिच्यावर बसू देत नव्हते. मी पुढे, दावं हातात, ती मागे. नदीच्या काठाशी वाळू ओली असते तिच्यावरून चालायचं. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि शिरा ताणल्या जातात. पाठीवर आधी रिकामं पोतं, मग थोडी बाजरी भरलेलं. लळिंगच्या टेकड्यांत चढ आला की चढू द्यायचं, उताराला थांबत थांबत उतरवायचं. पाणी लागेल तिथे पिऊ द्यायचं. "पहिले चालू दे," ते म्हणत. "पयनं तिले येसच." पळणं तिला येतंच.

दुसऱ्या वर्षी मी बसू लागलो. फेरी संपली की तिच्या जबड्याखाली दोन बोटं टेकवून मनगटी घड्याळावर नाडी मोजायची आणि वहीत टिपायची, ही माझी भर. आबांना आधी हसू आलं. मग ते स्वतः विचारू लागले, "आज किती?" हिवाळ्यापर्यंत तीस किलोमीटरची फेरी करून आल्यावर अर्ध्या तासात तिची नाडी पूर्ववत होऊ लागली. आबांच्या पत्नी, ज्यांना मी अक्का म्हणे, चहा आणून ठेवत आणि म्हणत, "डॉक्टर, पेशंटनं काय?"

त्यानंतरच्या पावसाळ्यात मला दीड महिना जळगावच्या मुख्य कार्यालयात बसावं लागलं. परत आलो तेव्हा शिंगीच्या डाव्या डोळ्याखाली बोराच्या बीएवढा डाग होता. केस गेलेले, कातडी गुलाबी.

"बोरना काटा लागना," आबा म्हणाले. "पिकनं, मंग डाग दिधा."

जखम चिघळली की तापल्या सळईने डागायचं, ही जुनी रीत. मी डाग पाहिला, तिने डोळा मिचकावला, पाणी येत नव्हतं. वहीत लिहिलं: बोरीचा काटा, डाग दिला, बरी आहे. दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हा आमच्या कार्यालयाचा पहिला नियम होता. अक्का पाच पावलांवर गोठा झाडत होत्या. मी त्यांना विचारलं नाही.

त्याच सुमारास आबांनी शिकवणीत एक गोष्ट वाढवली. तिच्याजवळ पत्र्याचा डबा बडवायचा. जळगावच्या वाटेवर हमरस्ता चार ठिकाणी ओलांडावा लागेल, ट्रक असतील, भोंगे असतील, तिने बुजायला नको, असं कारण त्यांनी दिलं. कारण पटण्यासारखं होतं. डबा मीच बडवायचो. आधी लांबून, मग जवळून, मग तिच्या कानाशी. चार रविवारांत तिने कान हलवणं सोडलं. पाचव्या रविवारी ती डब्याच्या तालावर पुढचे पाय उचलू लागली. आबा हसले आणि मीही हसलो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मळ्यात पोचलो तेव्हा बाजेवर एक अनोळखी माणूस बसला होता. जळगावकडचा, लग्नाच्या वरातींना बॅंड आणि घोडी पुरवणारा. शिंगी अंगणात उभी होती. तिला खरारा केलेला, आयाळ विंचरलेली, पुढच्या पायांत घुंगरांचे पट्टे. मी सायकल भिंतीला लावेपर्यंत आबा उठून पुढे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

"हाऊ आमना पेपरवाला भाऊ," ते पाहुण्याला म्हणाले. "त्यानीच चालाडी हिले, पहिलापासून. माले नका इचारू. त्याले इचारा."

पाहुणा उठला, हात जोडले. "साहेब, आबांचं मला सगळं पटलं. पाय पाहिले, दम पाहिला. नाचते पण चांगली. एकच शंका. हा डोळ्याखालचा डाग. जागा वाईट आहे. आबा म्हणतात काटा. तुम्ही पेपरातले माणूस, तुम्ही खोटं कशाला सांगाल. तिथे आधी भोवरा होता का?"

डबा कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. डाग कशासाठी होता तेही. आणि आबांनी एका वार्ताहराला आपली शिंगी दोन वर्षं का हाताळू दिली असेल, असा प्रश्नही तिथेच पडला. त्याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. पहिल्यापासूनच त्यांच्या मनात असेल, किंवा डाग दिल्यावर सुचलं असेल. माझ्या वहीत काटा असं लिहिलेलं होतं. ती वही त्या क्षणी माझ्या पिशवीत होती.

आबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते घुंगरांचा पट्टा सारखा करत होते.

"होता," मी म्हणालो. "भोवरा होता. मी पाहिला आहे."

चहा अर्धा राहिला होता, तो पाहुण्याने उभ्याने संपवला. "आबा, येतो," एवढंच म्हणाला आणि मोटारसायकलवर बसून गेला. अक्का दारात होत्या, त्या आत गेल्या.

आबांनी शिंगीच्या पायातले पट्टे काढले. दोन्ही काढून, गुंडाळून झाल्यावर बोलले. आवाज रोजचाच होता.

"तू भोवरा मानस का?"

"नाही."

"मंग कायले सांगं?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"त्यानी इचारं म्हनीसन नही. तुले शिंगी जोयजे व्हती म्हनीसन."

हे खरं होतं. खरं बोललो त्यात खरेपणाचा भाग किती आणि शिंगी हातातून जाईल या भीतीचा किती, हे मी तेव्हाही वेगळं करू शकलो नसतो. मी म्हणालो, "आबा, तुम्ही मला काटा सांगितलात."

"गिऱ्हाइकले बी तेच सांगं," ते म्हणाले. "तुले येगळं काय सांगू?"

मला वाटलं होतं की मी वेगळा आहे. ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. खोगीर माझं होतं, जुन्या बाजारातून घेतलेलं. आबांनी ते आतून आणून सायकलच्या कॅरियरवर ठेवलं आणि सुतळीने बांधूनही दिलं, नीट, दोन गाठी मारून.

पुढचे दोन महिने मी गेलो नाही. मग धुळ्याच्या भाजीबाजारात अक्का भेटल्या. मेथीच्या जुड्या विकायला बसल्या होत्या.

"भाऊ, तुम्ही येतच नहीत."

"आबा काय म्हणतात?"

त्यांनी जुड्यांवर पाणी शिंपडलं. "गावमा सांगतस, पेपरवालानी दगा दिधा. घरमा दोन साल खाधं-पिधं आनि गिऱ्हाइकसमोर खोटं पाडं."

मग त्या म्हणाल्या की, डागलेल्या भोवऱ्याची गोष्ट बाजारापर्यंत गेली आहे, आता शिंगीला खरंच कोणी घेत नाही. आबा तिला बाहेर काढत नाहीत, दुसऱ्या कोणाला काढूही देत नाहीत. उभी राहून राहून तिचे मागचे पाय सुजले आहेत. बुधवारी ते दोंडाईच्याला जातात, दुपारपर्यंत नसतात.

"एक येय फिराई आना तिले," त्या म्हणाल्या. एकदा फिरवून आणा.

बुधवारी मी गेलो. आबांच्या माघारी त्यांच्या खुंट्याला हात लावणं ही कोणती गोष्ट आहे, हे मला कळत होतं. तरी गेलो. शिंगीचं पोट सुटलं होतं. मागच्या पायांच्या नळ्या दाबल्या की बोटाचा खळगा तसाच राहत होता. मी तिच्यावर बसलो नाही. दावं धरून ओल्या वाळूवरून तासभर चाललो, अगदी पहिल्या वर्षासारखं. सुरुवातीला ती पाय ओढत होती. परतताना चाल मोकळी झाली, सूजही थोडी उतरली. असे दहा-बारा बुधवार मिळाले तर पाय सुधारतील, असं मी मनाशी मांडत होतो.

मळ्याच्या फाटकाशी आलो तेव्हा आबा बाजेवर बसलेले होते. त्यांची बस चुकली होती की ते गेलेच नव्हते, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शिंगीच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं, आधी डावा, मग उजवा. पायांत फरक पडला होता आणि तो त्यांना माझ्याआधी दिसला असणार.

"बांधी दे," ते म्हणाले.

मी तिला खुंट्याला बांधलं, सायकल काढली आणि निघालो. पुढच्या बुधवारी मी कार्यालयातच होतो. त्या उन्हाळ्यात माझी बदली जळगावला झाली. सामान ट्रकने गेलं आणि मी एस.टी.ने.