तिसरी बाटली बदामाची

शिवणकाम करणाऱ्या बाईचं तेलाशी वैर असतं. कापडावर तेलाचा एक ठिपका पडला की गिऱ्हाईक तेवढाच ठिपका घेऊन भांडायला येतं. मग पावडर टाका, गरम पाण्यात बुडवा, इस्त्री फिरवा, तो आपला तिथेच. त्यामुळे माझ्या समोरचा गाळा एका तेल विकणाऱ्या बाईने घेतला तेव्हा माझ्या कपाळावर जी आठी चढली ती बरेच दिवस उतरली नाही. आमच्या दोन गाळ्यांच्या मधे एक अरुंद वाट आणि वर पत्रा. मशीनवरून मान वर केली की समोर तिचं काउंटर. बघायचं नाही म्हटलं तरी दिसणारच, आणि बघायचं नाही असं म्हणणाऱ्यातली मी नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची खोड मला लहानपणापासून आहे. आई म्हणायची, हिच्या हातात सुई दिली तर ही तिच्या भोकातून शेजाऱ्यांच्या घरात बघेल.

पण बघण्यासारखं होतंच तसं. साठी उलटलेली बाई, आणि केस पुरुषासारखे बोटभर, पांढरेशुभ्र. कानात तांब्याच्या मोठ्या चकत्या, ओठांना गडद रंग, अंगात बाह्या दुमडलेला ढगळ शर्ट. तेलाच्या दुकानात बसायचं आणि डोक्यावर केस ठेवायचे नाहीत, म्हणजे चपलांच्या दुकानात अनवाणी बसल्यासारखंच की. आठवडाभर मी गप्प राहिले, यापेक्षा जास्त मला जमत नाही. सरळ जाऊन विचारलं. तिला राग वगैरे काही आला नाही. पूर्वी एकदा मोठा ताप आला होता, त्यात सगळे केस गळले, असं म्हणाली.

"परत उगवायला लागले तेव्हा आरशात बघितलं. म्हटलं, ही बाई कोण? आवडली मला. मग ठेवली तिलाच."

तिला सगळे थेंबमावशी म्हणायला लागले, त्याला कारण तिची विकायची तऱ्हा. कोणी आलं, म्हणालं गाल कोरडे पडलेत, काहीतरी द्या, तर ही बाटली द्यायचीच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब चोळायची आणि म्हणायची, आता घरी जा, लाल झालं नाही तर उद्या या. निम्मी माणसं परत यायचीच नाहीत. या बाईला धंदा करायचाय की परीक्षा घ्यायच्यात, हे मला कळेना. शिवाय खोटं बोलायची नाही. या तेलाने केस वाढतील का विचारलं की म्हणायची, वाढणार नाहीत, मऊ राहतील. रंग उजळेल का विचारलं की म्हणायची, आहे त्या रंगाला काय झालंय?

दुसरी तऱ्हा तिने दोनतीन वर्षांनी सुरू केली, ती याहून न्यारी. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत आलं की बाटलीचं बूच काढून त्याच्या नाकाशी धरायची आणि सांगायची, डोळे मिटा, वास घ्या आणि पहिलं काय आठवतंय ते बोला. लोकांना हे भारी आवडायचं. एकीला आजोबांचा कोट आठवला, एकीला शाळेचं दप्तर. एका बसड्रायव्हरने एरंडेल हुंगलं आणि म्हणाला, दवाखाना. मावशीने ती बाटली मुकाट्याने काउंटरखाली ठेवली आणि त्याला दुसरी दिली. मला वाटलं, काय गोड बोलून माल खपवते ही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. सगळ्या जगाला वास घ्यायला लावणारी ही बाई स्वतः कधीच बाटली नाकाशी नेत नव्हती.

वास घ्यायचं काम काकांचं होतं. काका म्हणजे तिचे यजमान. उभी हयात धान्याच्या गोदामात गेली. पोतं न उघडता आत कीड आहे की ओल, हे सांगायचे म्हणे, आणि त्यांनी नाक मुरडलं की अख्खी गाडी परत जायची. ती दोघं दुकानाच्या वरच्याच खोलीत राहायची. रोज सकाळी काका स्वच्छ दाढी करून, शर्टाचं वरचं बटण लावून, कामावर निघाल्यासारखे जिना उतरायचे आणि स्टुलावर बसायचे. आदल्या दिवशी भरलेल्या बाटल्या मावशीने ओळीत मांडलेल्या असायच्या, बिनचिठ्ठीच्या. पहिली तिळाची, दुसरी खोबरेल, तिसरी बदामाची, पुढे जवस, जर्दाळूच्या बिया, एरंडेल. मावशी एकेक बाटली उघडायची, थेंबभर तेल चिमटीत चोळायची आणि बाटली काकांपुढे धरायची. काका डोळे मिटून हुंगायचे. "चालेल" म्हणाले की मावशी बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. "बाजूला ठेव" म्हणाले की ती बाटली त्या दिवशी विकली जायची नाही. त्यात कधी खंड पडला नाही.

मग एका दुपारी वाटेच्या टोकाची पार्लरवाली तिळाच्या तेलाची मोठी बाटली घेऊन तरातरा आली. मालिश करून घेणारी बाई वासाने अर्ध्यावर उठून गेली होती, तेल खवट निघालं होतं. पार्लरवाली ओरडली नाही, पण दोन्ही बाजूंच्या गाळ्यांत ऐकू जाईल असं म्हणाली, की पुन्हा असं झालं तर ती माल दुसरीकडून घेईल. थेंबमावशीचं दुकान खरं तर तिच्याच जिवावर उभं होतं. थेंबाथेंबाने विकून भाडं थोडंच निघतं? काका म्हणाले, मी स्वतः बघितलं होतं ते तेल. मावशीने बाटली परत घेतली. तिचा चेहरा उतरला. मला ती बाटली उघडायचीही गरज पडली नव्हती, वास माझ्या मशीनपर्यंत येत होता. मग या दोघांना कसा आला नाही?

त्याच संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. निमित्त खरंच होतं. खडू, सुई आणि इस्त्री यांनी माझ्या बोटांची पेरं इतकी चिरली होती की रेशमाचा धागा त्यांत अडकायचा. मावशीने माझा हात पुढ्यात घेतला, पेरांना जर्दाळूचं तेल चोळलं आणि एरवीसारखं वासाचं विचारलं. मला शाळेतला बाक आठवला. त्यावर ती जरा निवांत झाल्यासारखी वाटली. तुम्हाला कसला वास येतो, असं मी उलट विचारलं तर म्हणाली, माझं सोड गं. या नादात, मशीनवरून उठताना हातात तशीच राहिलेली बाटली मी तिच्याच काउंटरवर विसरले. ती होती माझ्या मशीनच्या तेलाची. मावशीनेच मागे कधीतरी आपली एक रिकामी तपकिरी बाटली मला दिली होती, तिच्यात मी ते तेल ठेवत असे.

सकाळी मशीनला तेल घालायला गेले तर बाटली नाही. मान वर केली आणि समोर ती दिसली. ओळीत तिसरी. तळाला लाल दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, म्हणजे माझीच. झाडलोट करताना मावशीने आपली समजून ओळीत लावली असणार. काकांनी तीळ हुंगून "चालेल" म्हटलं, खोबरेल हुंगून "चालेल" म्हटलं. मावशीने तिसरी बाटली उघडली आणि चिमटीत थेंब घ्यायच्या आधीच काका पुढे वाकले. डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"बदाम," ते म्हणाले. "उत्तम निघालंय."

मशीनच्या तेलाला कसला वास असतो ते मी झोपेतही सांगेन, आणि बदामाचा तर तो खासच नाही. मी उठले. तेवढ्यात मावशीने थेंब चिमटीत चोळला. चोळता चोळता थांबली, पुन्हा चोळला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मान अगदी किंचित हलवून तिने मला नको म्हटलं. मग काकांना म्हणाली, हो ना, छान निघालंय, आणि चिठ्ठी न लावता ती बाटली खाली ठेवली. मी पुन्हा मशीनवर बसले खरी, पण टाके कुठल्या कुठे गेले.

काका चहाला वर गेल्यावर तिने मला हाक मारली आणि बाटली परत केली. तेल पाण्यासारखं पळत होतं, बोटात मुरत नव्हतं, त्यावरून तिने ओळखलं होतं. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, की ह्यांना आता वास येत नाही. वर्ष दीड वर्ष झालं असेल. तरी ते रोज येऊन बसतात आणि काहीतरी सांगतात.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"त्या तापात केस गेले आणि वासही गेला. केस तेवढे परत आले."

मी काकांच्याच स्टुलावर बसले. तेलाच्या दुकानात दोन माणसं, आणि दोघांत मिळून एक नाक नाही. मग तिने सगळं सांगितलं. तापानंतर काकाच तिचं नाक झाले, म्हणून तर ती हा धंदा करू शकली. बोटांना तेलाचं पुष्कळ कळतं, पण ते खवट व्हायला लागलेलं बोटांना उशिरा कळतं. काकांचा अंदाज चुकायला लागला तेव्हापासून ती गिऱ्हाईकांना वास घ्यायला लावत होती. कोणाला कोट, दप्तर, बाग आठवली की तेल चांगलं. कोणी दवाखाना, जुना रंग, भिजका पुठ्ठा म्हणालं की बाटली काउंटरखाली. पार्लरवालीने घाईत वास न घेताच मोठी बाटली नेली, तिथे घात झाला.

मी म्हटलं, अहो मग काकांना सांगून टाका, यात काय एवढं.

"सांगितलं की उद्यापासून ते खाली उतरणार नाहीत," ती म्हणाली. "दाढीसुद्धा करणार नाहीत. नाकावर जगलेला माणूस आहे तो. दुकान गेलं तर मी दुसरं काही करीन गं. हे खचले तर काय करू?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्या रागातच मी तिला सांगून टाकलं, की उद्यापासून रोज सकाळी बोटांना तेल लावून घ्यायला मी येणार, आणि काकांचं झालं की सहज म्हणून सगळ्या बाटल्या मीही हुंगणार. वाईट निघाली तर कान खाजवेन, मग तिने बघून घ्यावं. तिने विचारलं, तुला तर तेलाचा तिटकारा ना? म्हटलं, आहेच.

असं आमचं सुरू झालं. माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्या वाटेला ठाऊक आहे. पण ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितली नाही. दोनदा कान खाजवावा लागला. पार्लरवालीने नवीन बाटली नेली आणि तिची कुरबुर थांबली. माझी बोटं मऊ झाली, रेशीम अडकेनासं झालं. तेलाचा डाग मात्र एकदा पडलाच, एका पांढऱ्या झग्यावर, आणि त्याबद्दल मी मावशीशी रीतसर भांडले.

मग एका दुपारी मी मागच्या नळावर पाणी भरत असताना काका जिना उतरून आले. इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"पोरी, तू रोज येतेस ते बरं करतेस," ते हळूच म्हणाले. "माझं नाक गेलंय गं."

माझी बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. त्यांनीच केला. म्हणाले, मी तिच्या चिमटीकडे बघतो. तेल चोळताना तिचं बोट थबकलं की बाजूला ठेव म्हणतो, नाही थबकलं तर चालेल. त्या मोठ्या बाटलीला तिचं बोट थबकलंच नव्हतं, म्हणून चूक झाली. आणि मागे एकदा बोटाची वाट न बघता बोलून बसलो, तिसरी बाटली बदामाची असते म्हणून. तेव्हा तुझा चेहरा बघितला आणि काहीतरी चुकलं ते कळलं.

मी म्हटलं, मावशींना सांगा ना काका. माझ्याच तोंडून तेच वाक्य दुसऱ्यांदा निघत होतं.

"तिला वास येत नाही, तुला माहीत नसेल," काका म्हणाले. "माझ्या नाकाच्या भरवशावर तिने हे दुकान टाकलंय. ते गेलं असं कळलं तर त्याच दिवशी कुलूप लावेल. मग ते कानातलं घालून, ओठ रंगवून ती बसणार कुठे? तू येत जा. आणि तिला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. बाटल्या ओळीत होत्या. काका दाढी करून, वरचं बटण लावून बसले होते. मावशीच्या कानातल्या चकत्या हलत होत्या. तिने तिसरी बाटली उघडली, थेंब चिमटीत चोळला. काकांनी तिच्या बोटांकडे बघितलं, मग डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाले, बदाम आहे, चालेल. मग बाटली माझ्याकडे आली. मी हुंगत असताना दोघंही माझ्याकडे बघत होती, आणि एकमेकांकडे मुळीच बघत नव्हती.

"बदामच आहे," मी म्हणाले. "काकांचं नाक म्हणजे काय."

मावशीने चिठ्ठी चिकटवली.