सुतकातली जिलबी

बाबा गेले आणि माझं डोकं दुखायला लागलं. रोज सूर्याबरोबर चढायचं, सूर्याबरोबर उतरायचं.

नालवाडीच्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगे, "रडून घे, डोकं हलकं होते." रडू येतच नव्हतं. राग येत होता! येणाऱ्यांचा, त्यांच्या चहाचा (आणि न सांगता निघून गेलेल्या बाबांचाही).

मी माणसांपेक्षा पुस्तकांना विचारणारा. बाबांच्या कपाटातला जुना वैद्यकग्रंथ काढला. डोकेदुखीचे अकरा प्रकार! एकात डोक्यात किडे होतात, एकात रोगी तीन दिवसांत मरतो (माझा चौथा होता, म्हणजे तो बाद). कारणं काय, तर रडणं. आणि रडू दाबणं! ग्रंथकाराने सुटायला फटच ठेवली नव्हती. माझा निघाला सूर्यावर्त, म्हणजे सूर्याबरोबर चढणारा-उतरणारा. असल्या दुखण्यावर आमच्या घरचा उपाय ठरलेला : सूर्य उगवण्याआधी दूध-जिलबी. बाबाही तेच घ्यायचे.

अडचण एवढीच, की सुतकाच्या घरात तेरवीपर्यंत गोड चालत नाही. (पण औषधाला कसलं सुतक?)

मुंडण केलेलं डोकं शालीत गुंडाळून पहाटे मी दूध-जिलबी घेऊन गच्चीवर बसलो. पहिला घास घेतो तोच मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, वाळलेलं लुगडं न्यायला वर आली.

"अवो माय! घरात सुतक, अन् हा जिलबी खाऊन राह्यला!"

"औषध आहे, मोठी आई! ग्रंथात लिहिलंय, डोकं..."

तिच्या आवाजाने रोहणा गावाहून आलेले माझे मामा धावत आले. "काऊन रे, सेवाग्रामले एवढा मोठा दवाखाना हाय, अन् तू बुकाले डोकं दाखवून राह्यला?"

पुरावा नष्ट करावा म्हणून मी उरलेल्या सगळ्या जिलब्या तोंडात कोंबल्या.

"पाहा, अजून खाते!" मोठ्या आईने निकाल दिला. "याले बापाचं दुःखच नाई. पिंडाले आमचा सुधाकर बसन."

सुधाकर! बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा एकदाही न फिरकलेला माझा चुलतभाऊ! मी ताडकन उठलो. बाबांना उठवलं-बसवलं मी, शेवटचं पाणी पाजलं मी, पिंडही मीच देणार, असं जीव तोडून ओरडलो. ओरडता ओरडता डोळे वाहू लागले, थांबेनात.

मामांनी डोळे पुसले. "रडला बापा एकदाचा! त्यालेच बसू द्या."

मोठी आईही विरघळली. पिंडाला मीच बसलो.

जन्मभर इतकं वाचलं. पण मी जिंकलेलं एकमेव भाषण तोंडात पावभर जिलबी असताना केलं, आणि त्यातला एक शब्दही कुणाला कळला नाही!